बिल्ला फोर बाय फोर, टायर गोटा

डिसेंबर लागला की नवी मुंबईतल्या एका जमातीला हिमाचलचे वेध लागतात. ही मंडळी लांबूनही ओळखू येतात. टपावर रिकामा जेरीकॅन असतो, पुढच्या बंपरला एकदाही न उलगडलेला विंच असतो आणि मागच्या दारावर चकचकीत अक्षरांत फोर बाय फोर लिहिलेलं असतं. निघण्याआधी २५० रुपये टोल भरून अटल सेतूवर रील काढायचा. तो मनालीच्या वाटेवर नाही, हे खरं. पण रीलला भूगोल लागत नाही. मग जवळपास १९०० किलोमीटर हाणून अटल बोगद्याच्या तोंडाशी दुसरा रील. दोन्ही अटल झाले. आता अढळ राहायची जबाबदारी फक्त गाडीची.

आणि नेमकी तिथेच ती घसरते.

२०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान बर्फ पडला आणि हजाराच्या आसपास गाड्या अडकून पडल्या. त्या दिवसांत फोनाफोनी फिरलेले व्हिडिओ आठवा. उतारावर गाड्या आडव्या-तिडव्या, स्वतःच्या मर्जीनं खाली निघालेल्या, आणि चालक दार उघडून उडी मारू की नको या विचारात. त्याआधीच्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, लाहौलमध्ये वाहतूक कोंडीला कंटाळून एका पर्यटकानं थार थेट चंद्रा नदीत घातली होती. गाडी पार झाली, व्हिडिओ त्याहून वेगानं झाला आणि पोलिसांनी चलान फाडलं. गाडीत काय काय घालता येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गाडी कशात घालू नये हे माहितीपुस्तिकेत कुणी वाचत नाही.

तर फोर बाय फोर म्हणजे काय? इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळणं. त्यानं गाडी निघते, चढ चढते, रुतलेली असेल तर सुटते. थांबणं हे खातं वेगळं आहे. ब्रेक तर आमच्या जुन्या अल्टोलाही चारही चाकांना आहेत. बर्फावर थांबवतो तो टायर. कोरड्या डांबरावर ताशी ५० च्या वेगात ब्रेक दाबला तर गाडी साधारण १२ ते १५ मीटरांत थांबते. त्याच वेगात चाकाखाली दाबून घट्ट झालेला बर्फ असेल तर ५० मीटर लागू शकतात. सावलीतल्या वळणावर डांबरासारखाच काळा दिसणारा काचेसारखा थर असेल तर त्याच्याही दुप्पट. म्हणजे फोर बाय फोरवाल्याची खरी अडचण अशी की, जिथे बाकीचे निघूच शकत नाहीत तिथून तो झोकात निघतो, आणि जिथे बाकीचे पोचतच नाहीत तिथे जाऊन आपटतो.

हिवाळी टायरचं शास्त्र अगदी साधं आहे. आपल्या नेहमीच्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं घडवलेलं असतं. त्याच्या नक्षीवर शेकडो बारीक चिरा असतात. त्या बर्फात चावतात आणि खोलगट खाचांत बर्फ ठासून भरतो. बर्फाला सगळ्यात चांगलं काय धरतं, तर बर्फच. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असली, तर तो टायर बर्फावरची चाचणी पास झालेला समजायचा. नुसतं इंग्रजी एम आणि एस असेल तर तो कंपनीनं स्वतःच स्वतःला दिलेला दाखला. आपल्याकडच्या बऱ्याच पदव्यांसारखा.

ज्या देशांत बर्फ हा रीलचा नाही, रोजचा विषय आहे, तिथलं सरकार बिल्ला विचारत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. गाडी टू-व्हील ड्राइव्ह की फोर, हा प्रश्नच नाही. मॉन्ट्रियलमधला मराठी पोरगा नोव्हेंबरात गॅरेजची वेळ मिळवायला धडपडतो, चारही टायर बदलतो आणि साध्या कोरोलातून निवांत ऑफिस गाठतो. आपल्याकडे मात्र बर्फ पडला की मनालीच्या पुढे नाक्यावर पोलीस फोर बाय फोर तेवढ्या पुढे सोडतात. गर्दीत दुसरं काय करणार, तेही बरोबरच. पण त्या नाक्यावर आमच्या माणसाची छाती जी फुगते, ती पहिल्या उतारापर्यंत टिकते. मागून एक स्थानिक टॅक्सीवाला येतो, खाली उतरून चाकांना साखळ्या बांधतो, बैलाच्या गतीनं निघतो आणि पोचतो.

बैलावरून आठवलं. २०२४ च्या डिसेंबरात आपल्या रायगडातच, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, एक फेरारी वाळूत रुतली होती. ती काढली बैलगाडीनं. शेकडो अश्वशक्ती वाळूत आणि दोन बैलशक्ती पुढे. फेरारीवाल्यानं निदान फोर बाय फोरचा दावा तरी केला नव्हता.

आता कुणी म्हणेल, मग काय, नवी मुंबईतूनच हिवाळी टायर घालून निघायचं? अजिबात नको. ते मऊ रबर आपल्या डिसेंबरातही ३० अंशांत तापलेल्या रस्त्यावर भराभर झिजेल, आणि कोरड्या डांबरावर ब्रेकही नेहमीच्या टायरइतका चांगला लागणार नाही. शहाणपणाची वाट अशी की मनालीपर्यंत आपली गाडी, पुढे साखळ्या नाहीतर तिथल्याच माणसाची टॅक्सी. पण टॅक्सीत बसलेल्या फोर बाय फोरवाल्याचा रील कोण बघणार?

माझं खरं दुखणं मनालीचं नाही, नवी मुंबईतल्या पाम बीच रोडचं आहे. तिथे हेच लोक कोरड्या रस्त्यावर दांडा ओढून गाडी फोर-हायमध्ये टाकतात. थार आणि जिम्नीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा सेंटर डिफरन्शियल नसतो, त्यामुळे वळताना गाडी अडखळते आणि गिअरच्या पोटात ताण साठतो. मालकाला वाटतं ताकद जाणवतेय. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. जुलैच्या सरीत रस्त्यावर पाणी साचलेलं असतं, वेग ऐंशीच्या पुढे, आणि टायर गोटा झालेले. खाचा उरल्या नाहीत की पाणी बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि चारही चाकं एकाच वेळी, अगदी एकदिलानं, रस्ता सोडतात. कायद्यानं मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. ती पाहायला वाकावं लागतं, आणि वाकणं या जमातीला पसंत नाही. सिग्नलवरच्या हवालदारालाही काळी काच दिसते, नंबरप्लेट दिसते. टायर दिसायला तोही वाकत नाही.

आमच्या सोसायटीत असेच एक गृहस्थ आहेत. त्यांच्या टायरच्या कडेला चार आकडे आहेत, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटचे दोन आकडे १७ आहेत. मी म्हटलं, ‘‘अहो काका, नातवाच्या वयाचे टायर आहेत, स्पितीला निघण्याआधी बदला की.’’

ते म्हणाले, ‘‘अहो, चकाकी बघा ना! कालच तुर्भ्याला टायर पॉलिश मारून आणलंय. आणि यंदा बजेट एलईडी बारमध्ये गेलं.’’