अण्णा आणि ग्रीस

निवृत्त झाल्यावर अक्कलकोटात माणूस काय करतो? सकाळी वटवृक्षाचं दर्शन, मग पेपर, मग दुसऱ्याच्या घराचं बांधकाम बघत उभं राहणं. आमच्या शेजारच्या अण्णांनी महिनाभर हे सगळं करून पाहिलं आणि मग ते स्वयंपाकघरात शिरले. चहा करायला नव्हे, ग्रीक जेवण करायला. ज्या गावात 1988 पासून अन्नछत्र चालतं, परगावचा माणूससुद्धा उपाशी झोपत नाही, तिथं!

असा एखादा अण्णा हल्ली गल्लोगल्ली सापडतो. कुणाचा जीव इटलीवर, कुणाचा मेक्सिकोवर. चाळीस वर्षं मीठ कुठल्या डब्यात असतं हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ते आता मिठाच्या जाती सांगतात.

"ग्रीस?" अण्णांच्या आईनं विचारलं. "मोटारसायकलला घालतात ते?" पहिला पदार्थ पुढ्यात आल्यावर म्हातारी एकदम कानडीत शिरली, "इदेनप्पा?" पण तिकडची जुन्या वळणाची माणसं बुधवार-शुक्रवार पाळतात, मोठ्या उपासाला दूध, अंडी, मटण सगळं वर्ज्य, म्हणूनच त्यांच्याकडं डाळी-भाज्यांचे इतके प्रकार, हे ऐकून ती विरघळली. "मग चांगल्या घरची दिसतात," म्हणाली.

सामानाचे हाल मात्र विचारू नका. ऑलिव्ह तेल मिळालं औषधाच्या दुकानात. एवढीशी बाटली देताना दुकानदारानं आपुलकीनं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" फेटा चीज मेंढीच्या दुधाचं हवं. फार तर तीस टक्के शेळीचं चालतं, आणि 2002 पासून युरोपात ग्रीसबाहेरच्या कुणाला ते नाव वापरता येत नाही, हे अण्णांनी एका धनगराला रस्त्यात थांबवून सांगितलं. तो म्हणाला, "कोकराला पुरंना, तुमाला कुठलं देऊ?" शेवटी काकूंनी पनीर मिठाच्या पाण्यात टाकलं.

मग द्राक्षाच्या पानांची गुंडाळी. सोलापूर जिल्ह्यात द्राक्षाला काय तोटा! अण्णा नान्नजकडच्या एका बागेत पिशवी घेऊन पोचले. बागवाल्यानं आधी पिशवीकडं पाहिलं, मग अण्णांकडं. "कालच फवारणी झालीय. ही पानं आम्ही जनावराला पण घालत नाही."

क्रीट बेटावर बार्लीचा वाळका, दगडासारखा पाव असतो. त्यावर पाणी शिंपडायचं, टोमॅटो किसून घालायचा, वर चीज आणि तेल. अण्णांनी हे आठवडाभर समजावून सांगितलं. काकूंनी कडक भाकरीचा पुडा काढून समोर ठेवला. अण्णा म्हणाले, "तसं नव्हे." खाल्ल्या मात्र तीन. त्झात्झिकी म्हणजे चक्क्यात पिळून घातलेली काकडी आणि लसूण. तिला काकू 'झटकी' म्हणतात. रव्याच्या हलव्याला एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी असं ग्रीकांचं पाठ माप. काकूंना हा हिशेब आवडला, साखर आवडली नाही.

खरी गोष्ट मात्र शेपूची आहे. अण्णांना शेपू चालत नाही. चालत नाही म्हणजे आमच्याकडं शेपूची भाजी शिजायला लागली की ते उठून आमच्या बाजूची खिडकी लावतात. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी ताट सरकवलं होतं म्हणे. तेव्हापासून काकूंनी शेपू खाल्ली ती फक्त माहेरी.

आणि ग्रीकांना पालकाच्या वडीत, भाताच्या सारणात, झटकीत, जिथं तिथं डिल लागतं. अण्णांनी मुलाकडून वाळक्या डिलची बाटली मागवली. पुडकं सोडताना हात थरथरत होते. "वास बघा! याला म्हणतात वास!" काकूंनी बाटली नाकाशी नेली. माझ्याकडं पाहिलं. झाकण लावलं. एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढच्या बाजाराला काकूंच्या पिशवीत शेपूच्या तीन जुड्या होत्या. गच्चीवर पेपराखाली सावलीत वाळल्या, चुरल्या, बाटलीत गेल्या. बाटली संपेना. अण्णा खूश. "परदेशी माल बघा कसा पुरतो," ते आल्यागेल्याला सांगायचे. मी काकूंना एकदा हळूच विचारलं, सांगून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, "छत्तीस वर्षांनी माझ्या घरात शेपू शिजायलीय. कशाला नाट लावू?"

परवा गुरुवारी बोलावणं आलं. पालकाची ती घड्यांची वडी होती. ग्रीकांचा कागदासारखा पातळ पापुद्रा अण्णांच्या हातून तीनदा फाटल्यावर काकूंनीच मैद्याच्या पोळ्या लाटून दिल्या होत्या. अण्णांनी घास घेतला, डोळे मिटले. "डिल जरा कमी पडलं."

"बाटली भरलेलीच आहे," काकू म्हणाल्या. "घाला की सढळ हातानं."

अण्णांनी चिमूटभर, मग मूठभर डिल भुरभुरवलं. तेवढ्यात वाऱ्यासरशी आमच्या स्वयंपाकघरातून वास आला. अण्णांचा हात थांबला.

"तुमच्यात आज शेपू का?" त्यांनी नाक मुरडत विचारलं आणि उठून खिडकी लावली.