घरच्या पिझ्झाला कॅलरी नसतात

दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेन्यूकार्डावर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापाव्यात, असा अन्नसुरक्षेचा नियम २०२२ पासून देशभर लागू आहे. नियम करणाऱ्यांनी एक मोठी मेहरबानी केली, घरातली चूल त्यातून वगळली. या सवलतीचा पुरेपूर फायदा सध्या आमचा सिंधुदुर्ग घेतोय. ज्या घरात पोरांना पिझ्झा हवा असतो आणि बापाच्या रिपोर्टात साखर निघालेली असते, त्या घरात आता ‘हलका पिझ्झा’ होतो. बाहेरच्या पिझ्झाच्या कॅलरी कार्डावर असतात. घरच्याला मुळात कार्डच नाही, तेव्हा कॅलरी येणार कुठून?

हलका करायचा म्हणजे पहिली कुऱ्हाड मैद्यावर. मैदा काढा, नाचणी घाला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, नाचणीला सरकारदरबारी ‘श्री अन्न’ ही पदवी मिळाली, आणि ज्यांच्या पणज्यांनी ती वरकस जमिनीत नाइलाजाने पिकवली आणि पाहुण्यांपासून लपवून खाल्ली, त्यांनी तिच्यावर ऑरिगॅनो भुरभुरवला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली अन्नघटकांचे तक्ते छापले. त्यात शंभर ग्रॅम मैद्याला सुमारे ३५२ कॅलरी आहेत आणि नाचणीला सुमारे ३२१. म्हणजे शंभर ग्रॅम पिठाच्या पिझ्झामागे वाचल्या एकतीस. तीन-साडेतीन काजूगर! एवढे तर मालवणी माणूस पिझ्झा ओव्हनमध्ये जाईपर्यंत डब्यात हात घालून उभ्या उभ्या संपवतो.

नाचणीत तंतू आहेत, कॅल्शियम तर मैद्याच्या कितीतरी पट, तेव्हा ती खावी यात वाद नाही. पण गव्हातला चिवटपणा तिच्यात नाही. यीस्ट घालून झाकून ठेवा नाहीतर तिच्यासमोर आरती म्हणा, ती फुगत नाही. उकड काढली तर थापता येते, पण कडा भेगाळतात, सॉस त्या भेगांतून खाली उतरतो आणि बिडाच्या तव्याला करपून बसतो. वर खिसलेलं क्यूबचं चीज वितळण्याऐवजी कातडं धरतं आणि पहिल्याच घासाला अख्खं उचलून हातात येतं. खाली उरते ती भाकरी, लाल डाग पडलेली. यावर उपाय म्हणून पुढच्या रविवारी ‘अगदी थोडासा’ मैदा मिसळला जातो. हा थोडासा साधारण निम्मा असतो. फोटोखाली नाव मात्र एकट्या नाचणीचं.

फ्लॉवरचा बेस करणारा एक पंथ आहे. आमच्याकडे फ्लॉवर कोल्हापूर-बेळगावच्या गाडीतून घाट उतरून येतो. तो किसायचा, वाफवायचा, फडक्यात बांधून पिळायचा, आणि मग लक्षात येतं की हा काही केल्या एकत्र राहत नाही. म्हणून अंडं. तरी सुटतो, म्हणून चीज. चीजमुळे जड होणारा पिझ्झा नको म्हणून फ्लॉवर आणला, आणि फ्लॉवर टिकावा म्हणून चीज आणलं. आघाडीची सरकारं याहून वेगळी चालत नाहीत.

खरी गंमत आहे ती चीजलाच हद्दपार करणाऱ्यांची. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की काजूचं चीज करावं, ते ‘क्लीन’ असतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती काढल्या त्या शेतकऱ्याला उत्पन्न मिळावं म्हणून. वजन कमी करण्याचं खातंही पुढे याच काजूकडे येईल, हे तिथल्या शास्त्रज्ञांच्या स्वप्नातही आलं नसेल. गर भिजत घालतात, मिक्सरला गुळगुळीत वाटतात, आंबटपणाला लिंबू पिळतात, रंगाला चिमूटभर हळद. शंभर ग्रॅम मोझरेला तीनशे कॅलरींच्या आसपास. शंभर ग्रॅम काजू पाचशे ऐंशीच्या आसपास. वाटताना पाणी पडतं म्हणून थोडं निभावतं, पण हलकंच आहे म्हणून वाटीभर ओतल्यावर ते पाणी तरी कुठवर पुरणार? हे बोलून दाखवलं की उत्तर तयार असतं, “आमच्या झाडाचे आहेत ते.” तेलाचंही तसंच. चमच्याला चाळीस कॅलरी असतात खऱ्या, पण आपल्या माडाचं खोबरेल असेल तर त्या धरत नाहीत. परसातल्या मालाला ही सूट कधीपासून लागू झाली ते ग्रामपंचायतीत विचारायला हवं.

आणि समजा, सगळं नीट जमलं. पीठ मोजून, चीज तोलून, तेल ब्रशने लावून साडेसातला पिझ्झा पानात आला. आजोबांनी दोन तुकडे निमूट चावले, तोंड पुसलं आणि सुनेला म्हणाले, “गे बाय, पिझ्झो खावन झालो. आता जेवाण वाढ.” आठ वाजता भात आला, नारळाच्या वाटपातली बांगड्याची कढी आली, आणि पिझ्झा पचायला जड म्हणून शेवटी सोलकढी. म्हणजे वाचलेल्या एकतीस कॅलरी जमेला आणि सबंध जेवण खर्चाला! आमच्याकडे भाताशिवाय जे खातात त्याला खाणं म्हणतात, जेवण नव्हे. हिशेबातली मोठी चूक इथे आहे, पिठात नाही; पण पीठ बदलता येतं, सासरा बदलता येत नाही.

थालीपीठ म्हणजे आपला मूळचा पिझ्झाच, असं सांगणारे अभिमानी लोक यात मध्येच तोंड घालतात. त्यांनी थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवणं आधी थांबवावं, मग बोलू.

नेपल्समधल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. तेही मालवणसारखंच बंदराचं गाव, फक्त थोरलं. तिथला एक जुना पिझ्झा आहे, मारिनारा. टोमॅटो, लसूण, ऑरिगॅनो, वरून तेलाची धार. चीजचा कणही नाही. कॅलरी कमी करायला कुणी आहारतज्ज्ञ बसवला नव्हता, पहिल्यापासून तो तसाच आहे. चीजच्या शंभर ग्रॅमचे तीनशे एका फटक्यात वाचतात, तेही नाचणीला न छळता.

शेजारच्या काकींना म्हटलं, आंबोळीवर हेच करून बघा. लसूण ठेचा, टोमॅटो आटवा, तेल एकच चमचा, चीज नको.

“चीज नाय तर पोरां पिझ्झो कित्याक म्हणतली?” काकींनी विचारलं. मग जरा विचार करून म्हणाल्या, “रे झिला, वर चार सुंगटां घातली तर?”

मला आनंदच झाला. सुंगटांत, म्हणजे कोळंबीत, चरबी नावापुरती, प्रथिनं भरपूर. घाला की, म्हटलं, पण तळू नका हां.

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. “मगे काय कच्ची घालू?”