सहा वर्षांनी या!

पोरगं अडीच वर्षांचं झालं. हाक मारली तरी वळून बघत नाही, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही, आईचं मनगट धरून तिला फ्रिजपर्यंत ओढत नेतं. घरातलं तज्ज्ञमंडळ निकाल देतं, “मुलगे उशिराच बोलतात. ह्याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता, आता बघा, ऐकतो का कुणाचं?” शेजारच्या काकू कुलदैवताचं काही राहिलंय का विचारतात. वर्ष असंच सरतं. यात नवल नाही, काकूंनी कुठं प्रशिक्षण घेतलंय? नवल पुढंच आहे. ज्यांनी घेतलंय त्यांची आणि या पोराची वेळेवर गाठ पडू नये, याची आपण चोख तजवीज करून ठेवली आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले. उत्तम. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. वय 6 ते 18. शिक्षणहक्क कायद्याचं वय 6 ते 14. त्याखालच्यांसाठी राज्यघटनेच्या 45 व्या अनुच्छेदात राज्य प्रयत्न करील, असं आश्वासन आहे. प्रयत्न चालू असतील, आपण कशाला शंका घ्या! मेंदूनं मात्र यातला एकही कायदा वाचलेला नाही. भाषेची, नजरेची, हातापायांची बरीचशी पायाभरणी तो सहाव्या वाढदिवसाआधीच उरकून मोकळा होतो.

आता शिकवणाऱ्यांकडे या. बारावीनंतर विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका करायची आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव चढवायचं. नाव न चढवता हा व्यवसाय केला, तर परिषदेच्या 1992 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (नातवाला रोज चमचा धरायला शिकवणाऱ्या आजींनी हे वाक्य वगळावं.)

प्रशिक्षणात खरी विद्या आहे, हे मान्य. मोजा घालण्याचंच बघा. आपल्याला ते एक काम वाटतं. प्रत्यक्षात मोज्याचं तोंड फाकवायचं, बोटं आत सारायची, टाच जागेवर आणायची आणि मग वर ओढायचा. गंमत अशी, की शिकवायचं शेवटाकडून. शिकवणारी ताई मोजा टाचेच्या वर आणून सोडते, पोरानं फक्त शेवटचा हिसका द्यायचा. मोजा त्यानं घातला, शाबासकी त्याची! ते जमलं की पुढच्या वेळी टाचेखाली सोडायचा. मग पाऊल अर्धं आत असताना. ताईचा हात एकेक पायरी मागं सरकतो आणि पोराचा पुढं येतो. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली असती, तर पोर तोंड फाकवतानाच वैतागून रडलं असतं आणि मोजा ताईनंच घातला असता. आपल्या बहुतेक घरांत तो तसाच घातला जातो.

ही विद्या अंगात मुरायला जमीन लागते, खरा मोजा लागतो, पाय झाडणारं खरं पोर लागतं. परीक्षेला मात्र फाइल लागते. पाठ टाचण, निरीक्षण नोंदी, वैयक्तिक शिक्षण आराखडा, सगळं वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी आखलेलं. शैक्षणिक साधन म्हणून लॅमिनेट केलेला फळांचा तक्ता, त्यात किवी आणि स्ट्रॉबेरी. ज्याला तो दाखवायचा, ते पोर पेरू नाकानं ओळखतं. आईचा सहभाग? तोही असतो, सहीपुरता.

इकडे तीन वर्षांची पोरं बसतात कुठं? अंगणवाडीत. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीला वर्षातून दोनदा भेट देतं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रानं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाड्यांना कार्यपद्धतीही आखून दिली. सेविकेनं लक्षणं ओळखायची, मुलाला सामावून घ्यायचं, घरच्यांना बळ द्यायचं आणि गरज असेल तर पुढं पाठवायचं. उंची मोजून, वजन करून, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर माहिती भरून, आहार वाटून जी पाच मिनिटं उरतील, त्यात. आणि पुढं म्हणजे बहुधा जिल्ह्याच्या गावी. मजुरी बुडवून, एसटीनं, कडेवर पोर घेऊन.

म्हणजे जिच्याकडे पोर आहे तिला विद्या धावती मिळते आणि जिच्याकडे विद्या आहे ती पोर सहाचं होण्याची वाट बघत शाळेत बसते.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना असा पेच पडला होता. कोसबाडच्या परिसरात पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. साधनं म्हणून खडे, शिंपले, पानं, बिया. लॅमिनेशन नव्हतं.

माझी सूचना एवढीच, की शिकाऊ ताईंचं निदान एक सत्र अंगणवाडीच्या सतरंजीवर काढावं. एका बाजूला सेविका, दुसऱ्या बाजूला आई, मध्ये मोजा. परीक्षकांनीही तिथंच मांडी घालावी. ओळखीच्या एका प्राध्यापकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “कल्पना छान आहे हो. पण मग जर्नलला मार्क कशाचे द्यायचे?”