पिवळ्या वायरीचा रतीब

भिंतीवर ५५ इंची फोर-के टीव्ही चढला आणि मालिकेतल्या सासूबाई सांडलेल्या पिठल्यासारख्या दिसू लागल्या. घरात लगेच तज्ज्ञ उगवले. बाबांनी गच्चीवरच्या छत्रीला बोल लावला, भावजींनी कंपनीला. काकांनी तर जुन्या सवयीने टीव्हीच्या पाठीत धपाटा घातला.

मागे डोकावलो, तर एचडी बॉक्समधून आजोबांच्या टीव्हीची पिवळी वायर निघालेली! २१६० रेघांच्या पडद्याला ती जेमतेम ५७६ रेघांचा रतीब घालत होती. एचडी पॅकचे पैसे मात्र आम्ही दरमहा इमानाने भरत होतो. एचडीएमआय केबल खोक्यातच होती, पिशवीत, सीलबंद.

ती लावली. आता सासूबाईंच्या मेकअपचे थर मोजता येतात. आई म्हणते, ‘‘पूर्वीचंच बरं होतं रे!’’