लिंक पाठवली, शिकवलं कोणी?

बी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना महामारी शिकवायची म्हणजे वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकायची, खाली अंगठे मोजायचे आणि हजेरी भरायची. मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद होती, तेव्हा हा नाइलाज होता. आता वर्ग उघडे आहेत आणि फळ्यावर धूळ आहे.

राग याचा येतो की लिंकमधला माल उत्तम आहे. ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरचे अभ्यासक्रम शिकायला फुकट. ‘अवर वर्ल्ड इन डेटा’चे आलेख श्रेय देऊन कुणीही वापरावेत. 1921 च्या जनगणनेचे अहवालसुद्धा नेटवर आहेत. पण गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात हे सांगावं लागू नये, की पऱ्हे बांधावर आणून टाकले म्हणजे रोवणी झाली नाही. चिखलात उतरावं लागतं.

1918 ची मानमोडीच घ्या ना. मुंबई बंदरातून निघालेला तो इन्फ्लुएन्झा रेल्वेने देशभर गेला. तेव्हा गोंदिया मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होतं, आणि देशात सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांत मध्य प्रांत होता. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. अर्धपोटी माणसाला ताप पेलत नाही, हे धानपट्टीतल्या पोरांना दोन वाक्यांत कळतं. आजच्या भारताच्या हद्दीत 1911 साली 25.21 कोटी माणसं होती, 1921 साली 25.13 कोटी. मधल्या दहा वर्षांत जन्मलेली सगळी बाळं धरूनही! आमगाव, सालेकसा, तिरोड्याहून मुलं रोज गोंदिया जंक्शनवर उतरतात. साथ कशी पसरते हे सांगायला तोच फलाट पुरे.

मान्य, कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात, आणि बहुतेक साहित्य इंग्रजीत असतं. त्यासाठीच तर माणूस हवा. एका रोग्याकडून सरासरी किती जणांना लागण होते, एवढं मराठीत सांगितलं की आलेखातली चढती रेघ बोलू लागते.

आजची मुलं 2020 मध्ये शाळेत होती. टाळेबंदीत देवरीवरून रायपूरच्या रस्त्याने पायी निघालेले मजूर त्यांच्यातल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलेत. पुढच्या तासाला त्यांना आधी तेच विचारा, आलेख मग उघडा.