काचेवर काच

15 ऑगस्टच्या सुमारास बेंगळुरूच्या लालबागेतल्या काचघरात फुलांपेक्षा कॅमेरे जास्त असतात. त्या गर्दीत आमचे फिल्टरकाका लांबूनच ओळखू येतात. मूळचे सांगलीचे, नोकरीनिमित्त बेंगळुरूला आले आणि जयनगरात मुरले. घरी सोफ्यावर प्लॅस्टिक, रिमोटवर प्लॅस्टिक, हातातल्या एचएमटी घड्याळाच्या काचेवरही पारदर्शक पट्टी. अशा माणसाची लेन्स उघडी कशी राहील?

मी एकदा सांगून पाहिलं. ‘काका, फिल्मच्या काळात यूव्ही फिल्टर ठीक होता. अतिनील किरणांनी लांबचे डोंगर धुरकट निळे यायचे. आता ते किरण अडवणारी काच सेन्सरवर कारखान्यातच बसवून येते.’

‘म्हणजे कंपनीलाही काच लावावीशी वाटली ना?’

त्यांचा फिल्टर फुटपाथवरचा, बिनकोटिंगचा. अशा काचेची एकेक बाजू सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकते; दोन्ही मिळून 8 गेले. ‘ब्याण्णव उरले. डिस्टिंक्शन!’

रविवारी संध्याकाळी विधानसौधावर रोषणाई असते. काकांच्या फोटोत वरच्या काळ्या आकाशात हिरवट दिव्यांचा आणखी एक विधानसौध उलटा लटकलेला. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत शिरला, की हे असं होतं. काका निवांत. ‘सरकार पडलं असेल.’

समुद्राच्या खाऱ्या तुषारांत, रंगपंचमीच्या गुलालात फिल्टर मीही लावतो. पण बेंगळुरूपासून समुद्र शेकडो किलोमीटरवर आहे, आणि काका कॅमेरा घेऊन रंगपंचमीला दारही उघडत नाहीत.

गेल्या जानेवारीत कॅमेरा निसटून लालबागेच्या खडकावर पडला. खडक तीनशे कोटी वर्षांचा, त्याचं काही बिघडलं नाही. फिल्टरचा मात्र चुरा झाला, कडं वाकून लेन्सला चिकटून बसलं आणि एका तुकड्याने लेन्सवर बारीकशी रेघ ओढली. काका प्रसन्न! ‘पाहिलंस? फिल्टर नसता तर लेन्स गेली असती.’ लेन्सची पुढची काच त्या पापुद्र्याच्या कितीतरी पट जाड असते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. काकूंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

आता त्यांनी भारीतला मल्टिकोटेड फिल्टर घेतलाय. त्यावर ओरखडा येऊ नये म्हणून वरून एक फुटपाथवरचा चढवलाय. दोन कड्यांच्या उंचीमुळे फोटोचे चारही कोपरे काळे येतात.

‘फ्रेमचे पैसे वाचले,’ काका म्हणतात.