आदर्श पत्रलेखन

इंग्रजी शिकविण्याच्या पद्धती आपल्याकडे आजवर किती येऊन गेल्या, याचा हिशेब शिक्षणखात्याच्या दप्तरातही सापडणे कठीण. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर पिढ्या पोसल्या. पुढे प्रत्यक्ष पद्धती आली, रचनात्मक आली, संप्रेषणात्मक आली, ज्ञानरचनावादही आला. 2000 साली पहिलीपासून इंग्रजीचे फर्मान सुटले, आणि पुढे प्रश्नपत्रिकेचे नव्याने बारसे होऊन तिची कृतिपत्रिका झाली. तथापि गुरुजींनी वाक्य वाचावे, त्याचे मराठी सांगावे, उत्तर फळ्यावर लिहावे आणि मुलांनी ते निमूट उतरवून घ्यावे, या मामुली शिरस्त्याला हात लावण्याची छाती एकाही पद्धतीस झालेली नाही. (गुरुजींना दोष कसा द्यावा? मतदारयाद्या आणि जनगणना यांतून उरलेल्या वेळात साठ मुलांशी संप्रेषण साधणे हे काम बृहस्पतीच्याही आवाक्यातले नव्हे.)

पद्धतीवाचून इंग्रजी कशी येते हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने मुंबईतल्या माहुलास जावे. तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून असलेल्या या गावी, जिथल्या हवेपासून आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 सालीच नमूद केले होते, तिथेच 2017 नंतर तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून उठविलेली कुटुंबे आणून वसविण्यात आली. ज्यांना शाळेत इंग्रजीने कधी जवळ केले नाही, अशा बाया तिथे ‘स्टे’, ‘अफिडेव्हिट’, ‘पीएपी’ (म्हणजे प्रकल्पग्रस्त), ‘पोल्युशन बोर्ड’ हे शब्द अचूक ठिकाणी आणि योग्य त्या त्वेषाने वापरू लागल्या. विद्याविहारच्या पदपथावर महिनोन्‌महिने धरणे धरून बसल्या. आणि 2019 साली उच्च न्यायालयाने पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा 15,000 रुपये भाडे द्यावे असा हुकूम दिला, तेव्हा त्याचा अर्थ समजून घेण्यास त्यांना गाइड लागले नाही.

गाइड लागते ते त्यांच्या दहावीतल्या मुलांना. पत्रलेखनात हमखास येणारे तक्रारपत्र, ‘एक्स. वाय. झेड. नगर’ येथील रहिवाशाने वॉर्ड ऑफिसरास डासांच्या उपद्रवाबद्दल लिहिलेले, मुलगा स्वल्पविरामासह घोकीत असतो. नाकात घासलेटासारखा दर्प शिरतो म्हणून तो मध्येच उठून खिडकी लावतो, आणि पुन्हा त्या काल्पनिक नगरातील काल्पनिक डासांकडे वळतो. एम पश्चिम विभागाचा खराखुरा वॉर्ड ऑफिसर चेंबुरात बसतो, ही माहिती अभ्यासक्रमाबाहेरची असल्याने तिच्यावर वेळ दवडण्याचे कारण नाही.

नवी पद्धती येईल तेव्हा येवो. तूर्त परीक्षकमहाशयांस एवढीच विनंती, की माहुलच्या एखाद्या पोराने भर परीक्षेत डास सोडून त्या दर्पाचीच तक्रार आपल्या मोडक्या इंग्रजीत लिहिली, तर ‘अपेक्षित उत्तर नाही’ म्हणून त्याचे गुण कापू नयेत.